पेटी, कॅसिओ आणि आमची सही

गेल्या हिवाळ्यात परभणी जिल्ह्यातल्या एका संस्थेने भरवलेल्या वाद्यवादन स्पर्धेस परीक्षक म्हणून आम्ही गेलो होतो. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशा संस्था आणि असे परीक्षक मराठवाड्यात सगळीकडे सापडतील. स्पर्धकांत सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याने आपला कॅसिओ मांडला. कॅसिओ म्हणजे खरे तर यामाहाचा कीबोर्ड. परंतु आमच्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला जसे डालडा म्हणत, तसे पट्ट्यांच्या कोणत्याही विजेच्या वाद्याला कॅसिओ म्हणतात. त्याने भीमपलास घेतला. भीमपलासातला कोमल गंधार नुसता बोट ठेवून दाखवता येत नाही, तो मध्यमाला टेकून, मध्यमाचा थोडासा भार अंगावर घेऊन खाली उतरावा लागतो. या मुलाच्या उजव्या हाताचे बोट पट्टीवर होते आणि डावा हात वाद्याच्या कडेला असलेल्या एका लहानशा चाकावर होता. चाक किंचित फिरले आणि मध्यमातून गंधार असा ओघळला, की आमच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या परीक्षकांच्या तोंडून नकळत दाद गेली.

त्यानंतर संयोजकांनी नियमावली पुढे केली. इलेक्ट्रॉनिक वाद्ये स्पर्धेसाठी ग्राह्य धरली जाणार नाहीत, असे एक कलम तीत होते. मुलाला बाद ठरवणाऱ्या कागदावर तिन्ही परीक्षकांच्या सह्या आहेत. त्यांतली एक आमची. दुसरे बक्षीस पेटी वाजवणाऱ्या एका मुलीला मिळाले, आणि ती चांगलीच वाजवत होती.

निघताना मुलगा आमच्याजवळ आला. तक्रारीचा सूर नव्हता. त्याने विचारले, "सर, पेटीबी बाहेरच्याच देशातून आली म्हणून तुम्हीच सकाळी भाषणात सांगितलं ना? मग ती चालती, अन् हे काहून नाही?" नियमाकडे बोट दाखवून आम्ही सुटका करून घेतली. त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. पुढे ते शोधू लागलो तेव्हा आमच्या सहीची आम्हांलाच लाज वाटू लागली. हा लेख त्या लाजेपोटीच आहे.

पेटी बाहेरून आली हे खरेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात भात्याच्या हवेने धातूच्या पट्ट्या कंप पाववून वाजणारे वाद्य रूढ झाले आणि मिशनऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या सामानाबरोबर ते जगभर हिंडले. ते जपानलाही गेले आणि हिंदुस्थानलाही आले. दोन्ही देशांत त्याचे जे झाले ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की आमच्या नियमावलीतल्या त्या कलमाचा वंशवृक्ष दिसू लागतो.

जपानात हामामात्सु नावाच्या गावी, १८८७ साली, तिथल्या प्राथमिक शाळेतला अमेरिकन बनावटीचा ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करायला बोलावलेला तोराकुसु यामाहा हा गृहस्थ वाजवणारा नव्हता. घड्याळे आणि वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करून तो पोट भरत असे. त्याने ऑर्गन उघडला, आतली रचना पाहिली, आणि असे वाद्य आपणही बनवू शकू असे त्याला वाटले. कावाई नावाच्या एका कारागिराला हाताशी धरून त्याने ते बनवलेही. मग तज्ज्ञांचे मत घेण्यासाठी दोघांनी तो ऑर्गन काठीला बांधून खांद्यावर घेतला आणि हाकोनेचा घाट ओलांडून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत टोकियो गाठले. तिथल्या सरकारी संगीतशाळेचे प्रमुख होते इसावा शूजी. त्यांनी निर्वाळा दिला : घडण चांगली, पण स्वर लागलेले नाहीत. त्यांनी यामाहाला परत मात्र पाठवले नाही. स्वर लावण्याचे शास्त्र शिकण्यासाठी त्याला शाळेतच बसू दिले. तो शिकला, परत जाऊन त्याने दुसरा ऑर्गन बनवला, आणि तो स्वीकारला गेला. आज ज्या तीन तुतारीकाट्यांची खूण त्या मुलाच्या वाद्यावर होती, तिचा उगम या गोष्टीत आहे.

आता आपल्याकडे पाहू. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाने चालवायच्या या वाद्याला जमिनीवर बसून एका हाताने भाता मारीत वाजवता येईल असे रूप दिले. हीच आपली पेटी. ती महाराष्ट्रात आली आणि संगीत नाटकाने तिला उचलले. पुढे ती नाटकगृहाबाहेर पडून खेडोपाडी गेली. परभणी जिल्ह्यापुरते बोलायचे तर जनाबाईंच्या गंगाखेडपासून जिंतूरच्या डोंगराळ भागातल्या वाडीपर्यंत जिथे म्हणून हरिनाम सप्ताह बसतो तिथे पखवाज, टाळ आणि पेटी असतेच. आणि परभणी शहरात तुराबुल हक साहेबांच्या उरुसात कव्वालीचा फड बसतो तिथेही पेटीच असते. वारकऱ्याला आणि कव्वालाला सारखीच आपली वाटणारी दुसरी वस्तू या जिल्ह्यात शोधायची म्हटली तर ज्वारीची भाकरीच सांगावी लागेल. आमच्या लहानपणी गावातल्या पेटीमास्तरांना रीड घासताना आम्ही पाहिले आहे. पितळेच्या पट्टीच्या टोकाशी किंचित खरवडले की स्वर चढतो, मुळाशी खरवडले की उतरतो. एवढे शास्त्र ते एका जुन्या ब्लेडच्या तुकड्याने आणि कानाने पार पाडीत. इसावांच्या शाळेत यामाहा जे शिकला, तेच हे मास्तर कोणत्याही शाळेत न जाता शिकले होते.

परंतु दिल्लीला ते ठाऊक नव्हते. ऑल इंडिया रेडिओचे पाश्चात्य संगीत सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली या वाद्यावर टीकेचा लेख लिहिला आणि नावातच कोटी करून त्याचे 'हार्म-ओम्नियम', म्हणजे सर्वांचे अहित करणारे, असे नामकरण केले. रवींद्रनाथांचा विरोध होताच. १ मार्च १९४०पासून रेडिओवर पेटी बंद झाली. आक्षेप दोन होते. एक, हिच्यावर मींड निघत नाही. स्वर सुटे सुटे, पायऱ्यांसारखे येतात. दोन, हिचे स्वर समान अंतराच्या पाश्चात्य मापाने बसवलेले असतात, आपल्या श्रुतींशी ते जुळत नाहीत. दोन्ही आक्षेप खरे आहेत, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार आणि समान अंतराच्या सप्तकातला गंधार यांत सुमारे १४ सेंटचा फरक पडतो. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यांतले चौदा. शिकलेल्या कानाला तो खुपतो. फोल्ड्स काय म्हणत होते ते टोकियोत इसावांनीही म्हटले होते : स्वर लागलेले नाहीत. एकाने त्यावर शिकवणी सुरू केली आणि दुसऱ्याच्या संस्थेने दार लावले. इंग्रज गेले, स्वातंत्र्य आले, केसकरांसारखे संगीतप्रेमी मंत्री आले, तरी दार लागलेलेच राहिले. साथीपुरते ते किलकिले झाले सत्तरीच्या दशकाच्या आरंभी, आणि एकल वादनासाठी उघडायला २०१८ साल उजाडले.

या बंद दाराबाहेर एका माणसाची सगळी उमेदीची वर्षे कशी गेली ते सांगितल्याशिवाय हा विषय निव्वळ तारखांचा होईल. सखाराम प्रभाकर जळगावकर, म्हणजे आप्पा जळगावकर. ते आमच्या शेजारच्या जालन्याचे. जन्म १९२२चा. परभणी आणि जालना तेव्हा निजामाच्या एकाच राज्यात, मनमाड-हैदराबाद या एकाच मीटरगेज मार्गावर. त्यांची सुरुवातीची तालीम गळ्याची होती, तीही ध्रुपद-धमाराची, छब्बूबुवा गोस्वामी यांच्यापाशी. पेटी त्यांना कोणी शिकवली नाही. ती त्यांनी ऐकून, स्वतःच्या बोटांना स्वतः दटावून साध्य केली. रेडिओने पेटीवर बंदी घातली तेव्हा आप्पा सतरा-अठरा वर्षांचे होते. साथीसाठी ती शिथिल झाली तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. ज्या तीस वर्षांत रेडिओने गावोगावचे गायक-वादक घराघरांत पोहोचवले, नावे मोठी केली, त्या तीस वर्षांत देशातल्या एका सर्वोत्तम पेटीवादकाचे वाद्य रेडिओच्या लेखी वाद्यच नव्हते. निजामाचे डेक्कन रेडिओ हे वेगळे खाते होते खरे, पण १९५० साली तेही आकाशवाणीत विलीन झाले.

तरीही मैफलींनी त्यांना सोडले नाही. भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, किशोरी आमोणकर, जसराज अशा एकमेकांशी कोणतेही साम्य नसलेल्या गळ्यांमागे आप्पांची पेटी आहे. झाकिर हुसेन यांच्या एकल तबल्याला त्यांनी धरलेले लेहरे जाणकारांच्या स्मरणात आहेत. लेहरा ही बाहेरून फार सोपी दिसणारी गोष्ट आहे. सोळा मात्रांची एकच ओळ, ती तासभर, न वाढवता, न दमता, तबलजी लयीचे वाटेल ते खेळ करीत असताना समेवर बिनचूक आणून ठेवायची. वाचकांपैकी ज्यांनी कधी हार्मोनियमवर हात ठेवला असेल, त्यांनी तो प्रयोग पाच मिनिटे करून पाहावा.

आप्पांच्या वादनाविषयी एक गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. पेटीवर मींड निघत नाही हे त्यांना फोल्ड्सइतकेच कळत होते. त्यांनी मींड काढण्याचा आव आणला नाही. लगतच्या स्वराचा कण इतका निसटता, इतका वेळेवर लावायचा, की ऐकणाऱ्याच्या मनात तो प्रवास पूर्ण व्हावा. आणि भाता मारताना हवा अशी राखायची, की स्वर उगवल्यासारखा यावा आणि विरल्यासारखा जावा. हा त्यांचा मार्ग होता. ध्रुपदाचा गळा पाठीशी असल्यामुळे बोटांना कुठे थांबायचे ते ठाऊक होते. किशोरीबाईंसारख्या, स्वराच्या बाबतीत कमालीच्या काटेकोर गायिकेच्या मागे पेटी धरणे म्हणजे प्रत्येक क्षणी तिच्या श्रुतीला आपली पट्टी नडणार नाही याची काळजी घेणे. अशा वेळी साथीदार काय वाजवत नाही, यात त्याची विद्या असते. ती विद्या कोणत्याही ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छापली जात नाही. २००० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला; १६ सप्टेंबर २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मराठीत संगीतावर पुष्कळ आणि चांगले लिहिले गेले आहे. पण ते लेखन गायकाच्या तोंडाकडे पाहत लिहिलेले आहे. गोविंदराव टेंबे यांचे लेखन हा ठळक अपवाद. तो माणूस स्वतः पेटीवादक होता, 'मानापमान'चे संगीत त्याचे, 'अयोध्येचा राजा'तला हरिश्चंद्र तो, आणि लेखणीही त्याची. पेटीवाल्याविषयी लिहायला पेटीवालाच यावा लागला, यातच आमच्या समीक्षेची मर्यादा दिसते. साथीदार हा शब्दच पाहा. तो शेजारी बसलेला आहे एवढेच हा शब्द सांगतो, तो काय करतो हे सांगत नाही.

याच काळात जपानात पट्ट्यांच्या वाद्यांचे काय चालले होते? तिथे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस जॅझ, रॉक आणि फंक यांच्या मिश्रणातून उभ्या राहिलेल्या फ्यूजन संगीताची मोठी लाट आली. 'कॅसिओपिया' हा तिच्यातला एक अग्रणी वाद्यवृंद. नावात कॅसिओ दिसतो म्हणून वाचकांनी फसू नये. हे नाव एका तारकासमूहाचे, आपल्या शर्मिष्ठेचे. त्यांचे कीबोर्डवादक मिनोरु मुकाइया, जन्म १९५६चा. १९७७ साली ते या वृंदात आले आणि २०१२पर्यंत राहिले. १९८२ सालचा 'मिंट जॅम्स' हा त्यांचा कार्यक्रम-मुद्रणाचा संग्रह आम्ही अलीकडेच ऐकला. गाणारे कोणी नाही. गिटार पुढे धावते. पण तिच्या पायाखालची जमीन, डोक्यावरचे आकाश आणि मधूनच निसटून पुढे येणारी धून हे सगळे मुकाइयांचे. आप्पांच्या लेहऱ्याची ज्याला सवय आहे त्याला इथे काही परके वाटणार नाही : एका आवर्तनाला चिकटून राहायचे, दुसऱ्याला मोकळे सोडायचे, आणि भेटीची जागा चुकवायची नाही. फरक इतकाच, की इथे गायक नसल्यामुळे पट्ट्या वाजवणाऱ्याला कोणी साथीदार म्हणत नाही.

मुकाइयांची दुसरी ओळख अधिक मौजेची आहे. ते रेल्वेचे वेडे आहेत. आगगाडी चालवण्याचा आभास देणारे संगणकीय खेळ त्यांच्या कंपनीने काढले, आणि जपानातल्या अनेक स्थानकांवर गाडी सुटताना वाजणाऱ्या छोट्या धुना त्यांनी रचलेल्या आहेत. फ्यूजनमधला एक अग्रगण्य वादक काही सेकंदांची धून रचतो आणि ती रोज लाखो माणसांच्या कानांवर पडते; त्याला त्यात कमीपणा वाटत नाही आणि त्याच्या समीक्षकांनाही नाही. पूर्णा जंक्शनवर गाडीची वाट पाहताना आम्हांला हे हटकून आठवते. पूर्णा हे रेल्वेवर वाढलेले गाव. तिथे गाडीची घोषणा होण्याआधी कर्ण्यातून जे सूर ऐकू येतात ते कोणी रचले, हा प्रश्न आमच्या मनात आजवर कधी उमटला नव्हता.

१९८२ सालीच मुंबईत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती तर थेट आमच्या विषयातली आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यमेळात वाजवणारे चरणजित सिंग यांनी जपानच्या रोलँड कंपनीची नवी यंत्रे घेतली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र आणि टीआर-८०८ हे तालाचे. ती एकमेकांना जोडून त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यांत भैरवी आहे, ललत आहे, भूपाळी आहे. ध्वनिमुद्रिका निघाली आणि विस्मरणात गेली. शिकागोत टीबी-३०३च्या त्याच पिळवटलेल्या आवाजातून 'अॅसिड हाउस' नावाचा संगीतप्रकार उभा राहिला तो १९८७च्या सुमारास. पुढे एका डच संग्राहकाला ही जुनी तबकडी सापडली, २०१० साली ती पुन्हा निघाली, आणि जगाला कळले की मुंबईतल्या एका वादकाच्या हातून त्या आवाजासारखे काहीतरी पाच वर्षे आधीच घडून गेले होते. त्यानंतर २०१५ साली वारण्यापूर्वी चरणजितांना परदेशी रंगमंच मिळाले, टाळ्या मिळाल्या. आम्हांला खटकते ते इतकेच, की तोवरच्या अठ्ठावीस वर्षांत इथल्या कोणाही संगीतसमीक्षकाला त्या दहा रागांविषयी, बरे वा वाईट, बोलावेसे वाटले नाही. अभिजातवाल्यांना तो डिस्को वाटला, डिस्कोवाल्यांना राग.

जपानची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. इसावांच्या ज्या शाळेने यामाहाला बसू दिले, तिच्याच धोरणाने जपानी मुलांच्या कानांत पाश्चात्य सप्तक ठासून बसवले आणि कोतो, शामिसेन ही घरची वाद्ये शाळेबाहेर राहिली. माध्यमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाने एखाद्या पारंपरिक जपानी वाद्याला हात लावावा, असा दंडक तिथे २००२ साली करावा लागला. म्हणजे दार उघडण्याचीही किंमत असते, आणि ती त्यांनी शंभरावर वर्षे मोजली. आपल्याकडे बंदी घालणाऱ्यांच्या मनात हीच भीती होती, आणि ती खुळी नव्हती. पण त्या भीतीला उत्तर बंदीने मिळाले नाही. ते मिळाले पेटीमास्तरांच्या ब्लेडच्या तुकड्याने, गंधार शुद्ध राखून स्वर लावण्याच्या आपल्याकडच्या रीतीने, आणि ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बनवलेल्या बावीस श्रुतींच्या हार्मोनियमने, ज्यात खुंटी सरकवून स्वराची हवी ती श्रुती निवडता येते. सगळी उत्तरे वाद्याच्या आत शिरलेल्या माणसांची आहेत.

आता त्या मुलाकडे वळू. फोल्ड्सचा पहिला आक्षेप होता मींडेचा. त्याच्या डाव्या हाताखालच्या चाकाने तो आमच्या डोळ्यांदेखत निकालात काढला. पेटीला जे कधीच जमले नाही, ते या वाद्याला जमते. मग आम्ही कोणत्या कारणाने त्याला बाद केले? स्वराच्या कारणाने नव्हे, विजेच्या कारणाने. आणि इथे आमची फजिती पुरी होते. त्या दिवशी प्रत्येक स्पर्धकामागे, बक्षीस मिळालेल्या मुलीच्या पेटीमागेसुद्धा, जो तंबोरा घुमत होता तो विजेचा होता. बंगळुरूच्या राज नारायण यांनी १९७९ साली बनवलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आता सगळ्यांनी पचवला आहे. हल्ली तर तो मोबाइलमध्येच असतो. ज्या स्वरावर सगळी इमारत उभी करायची तो षड्ज विजेचा चालतो, त्यावरचा गंधार मात्र चालत नाही, असा हा नियम. आम्ही तो वाचून, समजून, खाली सही केली.

कॅसिओविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे, ती मात्र टाळता येणार नाही. या वाद्यात एक कळ दाबली की ठेका सुरू होतो, दुसरी दाबली की खर्ज लागतो, तिसरीने बासऱ्या आणि व्हायोलिने. मानवत-पाथरीकडच्या लग्नांत पूर्वी सनई, क्लॅरिनेट, ढोलकी असा आठ-दहा जणांचा ताफा असे. आज त्या जागी एक मुलगा, एक कीबोर्ड आणि दोन मोठे कर्णे असतात. ज्यांचे ताफे मोडले त्यांच्या मुलांनी पुण्याची वाट धरली, ऊसतोडीला गेली. हे नुकसान खरे आहे. आमच्या ओळखीच्या एका क्लॅरिनेटवाल्याने घरातले वाद्य मोडीत घातले, आणि त्याचा राग कॅसिओवर होता. आम्ही त्याला दोष देणार नाही. पण स्पर्धेतल्या त्या मुलाने यातली एकही कळ दाबली नव्हती. ठेक्याला तबला होता, माणसाने वाजवलेला. त्या यंत्रातल्या शेकडो सोयींतून त्याने फक्त दोन गोष्टी घेतल्या, पट्ट्या आणि चाक. कळ दाबणारा आणि न दाबणारा यांत फरक करायचा तर ऐकावे लागते, आणि परीक्षकाला ऐकण्यासाठीच बोलावलेले असते. नियमाने आमची ती तसदी वाचवली, म्हणून तो आम्हांला सोयीचा वाटला, असे आता वाटते.

भीमपलास त्याने कोणाकडून उचलला, असे आम्ही त्याला त्या दिवशी विचारले होते. वडील सप्ताहात पेटी वाजवतात; घरची पेटी जुनी, भाता फाटलेला, म्हणून लग्नात वाजवून साठवलेल्या पैशांतून त्याने हे जुने यामाहा घेतले. चाकाचा उपयोग कोणी शिकवला? कोणीच नाही. वडिलांना गाताना ऐकत होतो, म्हणाला. पेटीवर ते येत नव्हते, इथे येते का ते बघितले. जालन्यात एका मुलाने ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी असेच काहीसे केले होते.

या वर्षीच्या स्पर्धेचे पत्रक मागच्या आठवड्यात आले. इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे कलम जसेच्या तसे आहे आणि परीक्षकांत आमचे नाव छापलेले आहे. आम्ही संयोजकांना दोन पानी पत्र पाठवले आहे : कलम काढावे, ते ठेवायचे असेल तर विजेच्या तंबोऱ्यालाही लावावे आणि सभागृहात चार तारांचा तंबोरा व तो जुळवणारा माणूस आणून बसवावा, दोन्ही जमत नसेल तर आमचे नाव खोडावे. मुलाला फोन केला तेव्हा तो सेलूला एका लग्नाच्या ऑर्केस्ट्राबरोबर होता, मागे कोणीतरी माइक तपासत होते. यंदा नाव देतोस का, असे विचारले. तारीख काय आहे म्हणाला, त्या दिवशी सुपारी घेतलेली नसली तर येतो.